पाद्रीबुवांचे पिंप

१७६६ साली जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग शहरात एक लहानसे पुस्तक छापून निघाले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याचे नाव लांबलचक होते. सारांशाने सांगायचे तर असे : सोयीचे आणि अत्यंत फायद्याचे धुण्याचे यंत्र, प्रयोगांती ते कसे खरे उतरले, आणि अधिक भरवशाने वापरता यावे म्हणून त्यात जागोजागी कोणते फेरफार व सुधारणा केल्या. लेखक याकोब क्रिस्टियान शेफर. वय ४८, व्यवसाय प्रोटेस्टंट पाद्र्याचा.

पाद्रीबुवांना धुण्याशी काय कर्तव्य, असे कुणालाही वाटेल. पण शेफर यांना कशाशी कर्तव्य नव्हते हे सांगणे जास्त अवघड. रेगेन्सबुर्गच्या आसपास उगवणाऱ्या अळंब्यांवर त्यांनी रंगीत चित्रांचे चार खंड काढले. आजही कित्येक अळंब्यांच्या शास्त्रीय नावापुढे त्यांच्या नावाचे संक्षिप्त रूप लागते. कीटकांची तशीच मोठी चित्रमाला केली. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसशी पत्रव्यवहार ठेवला. घरातला त्यांचा संग्रह इतका नावाजलेला होता की १७८६ मध्ये इटलीला निघालेला महाकवी गटे वाटेत रेगेन्सबुर्गला उतरला, तेव्हा नाव बदलून का होईना, तो पाहायला गेला. हा सगळा व्याप कुणा श्रीमंताचा नव्हे. शेफर लहान असतानाच वडील वारले, घरची ओढगस्त. हाले येथे धर्मशास्त्र शिकून १७३८ मध्ये ते रेगेन्सबुर्गला आले ते एका घरी मुलांना शिकवायला.

यंत्राचे पुस्तक निघण्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी दुसरा एक उद्योग सुरू केला होता. तेव्हा युरोपात कागद चिंध्यांपासून होई आणि चिंध्या अपुऱ्या पडू लागल्या होत्या. शेफर यांनी गांधीलमाशीचे पोळे, शेवाळ, लाकडाचा भुसा, पाइनची बोंडे, बटाटे अशा जे हाती लागेल त्यापासून कागद करून पाहिला, आणि त्या कागदांचे खरेखुरे नमुने बांधून सहा भाग प्रसिद्ध केले. कापड फाटून चिंधी झाल्यावर त्याचे पुढे काय, याचा विचार करणारा हा माणूस ते फाटण्याआधी धुतले कसे जाते याकडे वळला, यात मला तरी नवल वाटत नाही. जोरजोराने आपटून धुतलेले कापड लवकर फाटते, हे कागदाच्या गिरणीत येणाऱ्या चिंध्या पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

त्यात गाव रेगेन्सबुर्ग. १६६३ पासून पवित्र रोमन साम्राज्याची कायमची संसद तिथे भरत असे. साम्राज्यातल्या लहानमोठ्या संस्थानांचे वकील, त्यांचे कारकून, नोकरचाकर, बायकामुले असा मोठा गोतावळा डॅन्यूबच्या काठी मुक्कामाला होता. मनगटावर झालरी, गळ्यात पांढरे शुभ्र पट्टे आणि जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या चादरी, अशी त्यांची राहणी. हे सगळे कुणीतरी धूत होते.

कसे धूत होते ते नीट पाहायला हवे, कारण यंत्राची सगळी रचना त्याच्याशी बांधलेली आहे. सुखवस्तू जर्मन घरात धुणे रोज नसे, दर आठवड्यालाही नसे. ‘मोठे धुणे’ वर्षातून काही ठरावीक वेळाच निघे. लिननचे कपडे जितके जास्त, तितकी दोन धुण्यांत टाकता येणारी मुदत लांब. म्हणून कपाटभर चादरी आणि सदरे ही घराची पत मानली जाई. धुणे निघाले की ते दिवसचे दिवस चाले आणि त्यासाठी बाहेरच्या धुणाऱ्या बायका रोजाने लावाव्या लागत. कपडे भिजत घालायचे. मग मोठ्या पिंपात थरावर थर रचायचे, वर जाड कापड अंथरून त्यावर लाकडाची राख पसरायची आणि उकळते पाणी ओतायचे. राखेतला खार घेऊन पाणी कपड्यांतून झिरपत खालच्या भोकातून बाहेर पडे. ते गोळा करून पुन्हा तापवायचे, पुन्हा ओतायचे. आपल्याकडच्या परिटाची भट्टी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर साबण, चोळणे, मोगरीने बडवणे, नदीवर नेऊन खळबळणे, पिळणे, आणि गवतावर उन्हात पसरून पांढरे करणे.

यातले यंत्राला काय देता येईल? सतराव्या शतकापासून लोक या प्रश्नाभोवती फिरत होते. लंडनच्या रॉयल सोसायटीतला शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने १६७७ मध्ये सर जॉन हॉस्किन्स यांची युक्ती नोंदवून ठेवली आहे : तलम कपडे दोरीच्या जाळीदार पिशवीत भरायचे, पिशवीचे एक टोक पक्के बांधायचे आणि दुसरे चाकाने फिरवून पीळ द्यायचा. म्हणजे हॉस्किन्स यांनी पिळणे तेवढे उचलले. १६९१ मध्ये इंग्लंडात एका बहुउपयोगी यंत्राला सनद मिळाली. ते जी अनेक कामे करणार होते त्यांत कपडे धुणेही होते. अशा सर्वगुणसंपन्न यंत्रांचे जे होते तेच त्याचे झाले.

इंग्लंडातल्या साध्या घरांतून मात्र वेगळेच साधन चालत असे. उंच दांडा, वर धरायला आडवी मूठ, खाली तिपाईसारखे पाय. हे पाय पिंपातल्या कपड्यांत रोवायचे आणि मूठ धरून अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे फिरवायचे. जेंटलमन्स मॅगझीन या मासिकाने जानेवारी १७५२ च्या अंकात ‘यॉर्कशायर मेडन’ नावाच्या धुण्याच्या यंत्राचे चित्र छापले, ते याच कल्पनेचे झाकणबंद रूप होते. असली यंत्रे इंग्लिश चॅनेल ओलांडून युरोपात माहीत झाली होती. शेफर यांनी ती कल्पना घेतली, करून पाहिली आणि सुधारली. पुस्तकाच्या नावातच ‘फेरफार व सुधारणा’ असे शब्द घालून त्यांनी स्वतःला मूळ शोधक म्हणवण्याचा मोह टाळला. पुढच्या काळातल्या लेखकांनी मात्र त्यांना ‘धुलाईयंत्राचे जनक’ करून टाकले.

यंत्र असे. लाकडी पट्ट्यांचे, लोखंडी कड्यांनी आवळलेले पिंप. त्यावर घट्ट बसणारे झाकण. झाकणाच्या मधोमध भोक, त्यातून खाली गेलेला उभा आस. आसाच्या खालच्या टोकाला खुंट्या बसवलेला फिरता भाग, वरच्या टोकाला हाताने फिरवायची मूठ. आत कपडे, साबण आणि कढत पाणी.

यात झाकणाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पण उघड्या पिंपाच्या तुलनेत खरा फरक तिथे होता. उघड्या पिंपात पाणी भराभर निवते आणि निवलेल्या पाण्यात तेलकट मळ सुटत नाही. झाकणाने ऊब टिकते, पाणी अंगावर उडत नाही, आणि मुख्य म्हणजे बाईचा हात कढत खाराच्या पाण्याबाहेर राहतो. राखेच्या पाण्याने हाताची सालपटे निघत. माणसाच्या हाताला सोसणार नाही इतके गरम पाणी वापरता येणे, हा या रचनेचा मोठा लाभ.

दुसरी गोष्ट फिरण्याच्या दिशेची. मूठ एकाच दिशेने गरगरा फिरवत राहिले तर कपडे खुंट्यांना गुंडाळले जाऊन त्यांचा एकच दोर वळतो. मग आस फिरत नाही आणि जोर केला तर शिवण उसवते. म्हणून ताक घुसळणाऱ्या रवीसारखी मूठ उलटसुलट फिरवायची. कपडे थोडे ओढले जातात, सुटतात, पुन्हा ओढले जातात. पाणी त्यांच्या धाग्यांतून आरपार जाते. कापड आपटून किंवा चोळून नव्हे, तर त्यातून पाणी जोराने नेऊन मळ काढायचा हे तत्त्व इथे आहे. खुंट्या किती उंच असाव्यात, पिंप किती भरावे, या बाबी करून पाहिल्याशिवाय कळणाऱ्या नव्हत्या. पिंपात कपडे कोंबून भरले की ते नुसते एका गोळ्याने हलतात आणि आतला भाग मळकाच राहतो.

शेफर यांच्या आराखड्यावरून साठेक यंत्रे तयार झाली असे सांगितले जाते. साठ हा आकडा चांगला की वाईट? एका गावच्या पाद्र्याने केलेला खटाटोप म्हणून चांगला. पण युरोपभर तेव्हा जितके धुणे निघत होते, त्याच्या मानाने काहीच नाही.

सोळा वर्षांनी, १७८२ मध्ये, लंडनमध्ये हेन्री सिजिअर नावाच्या गृहस्थांनी अगदी वेगळ्या दिशेने जाणाऱ्या यंत्राची सनद घेतली. यात उभा आस नव्हता, खुंट्या नव्हत्या. लाकडी गजांचा एक पिंजरा आडव्या आसावर बसवलेला, तो पाण्याच्या पेटीत अर्धवट बुडालेला, आणि बाजूला फिरवायचा दांडा. कपडे पिंजऱ्यात भरायचे आणि दांडा फिरवायचा. कपडे गजांबरोबर वर जातात आणि स्वतःच्या वजनाने खाली पाण्यात आदळतात. म्हणजे नदीवरच्या दगडावर आपटण्याचे काम इथे कपड्यांच्या वजनावर सोपवले. पाणी गजांच्या फटींतून आतबाहेर करते. पाणीही थोडे पुरते, कारण पिंजरा पूर्ण बुडवावा लागत नाही.

आज दुकानात जाऊन दोन प्रकारची यंत्रे पाहा. वरून कपडे टाकायच्या यंत्रात तळाशी उलटसुलट फिरणारा भाग असतो, तो शेफर यांच्या कुळातला. पुढून दार असलेल्या यंत्रातला आडवा ड्रम सिजिअर यांच्या कुळातला. विजेच्या मोटरीचा पत्ताही नव्हता तेव्हा दोन्ही रचना कागदावर तयार होत्या. म्हणून ‘धुलाईयंत्राचा शोध विसाव्या शतकात लागला’ असे कुणी म्हटले की मला ते पटत नाही. विसाव्या शतकाने फिरवणारा हात बदलला.

मग मधली सव्वाशे वर्षे ही यंत्रे अडून का राहिली? विकण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. एडवर्ड बीथम नावाचा एक हुन्नरी माणूस, आधी नाटकांत कामे करणारा, अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरून धुण्याची ‘रॉयल पेटंट’ यंत्रे विकत होता. त्याची बायको इझाबेला त्याच पत्त्यावर लोकांच्या छायाकृती रंगवून देई. जाहिरातबाजीत बीथम कुणाला हार जाणारा नव्हता. तरीही यंत्र घरोघर गेले नाही.

एक कारण साबण. इंग्लंडात १७१२ पासून साबणावर कर होता, तो १८५३ मध्ये उठला. साबण महाग म्हणजे राख आणि बडवणे स्वस्त. दुसरे कारण लाकूड. पिंप कोरडे पडले की पट्ट्या आकसतात आणि पुढच्या वेळी गळू लागतात. ओले ठेवले तर कुजतात. पण तिसरे कारण या दोहोंपेक्षा मोठे. ज्या घराला यंत्र परवडत होते त्या घराला धुणारी बाई त्याहून स्वस्तात मिळत होती, आणि जी बाई धूत होती तिच्याकडे यंत्राला पैसे नव्हते. यंत्राची गाठ पडली होती ती स्वस्त हातांशी.

एकोणिसाव्या शतकात ही कथा अमेरिकेत सरकते. तिथे नोकर दुर्मिळ, पेटंट काढण्याची हौस दांडगी. १८५१ मध्ये जेम्स किंग यांनी फिरत्या ड्रमचे पेटंट घेतले. १८५८ मध्ये पिट्सबर्गच्या हॅमिल्टन स्मिथ यांनी आपले फिरते यंत्र आणले आणि १८६३ मध्ये त्यात दिशा पालटण्याची सोय केली. जुनी अडचण इथे यंत्रानेच सोडवली. दातेरी चाके आणि जोडदांडे अशा बेताने बसवू लागले की माणसाने दांडा एकाच दिशेने फिरवावा आणि आतला भाग आपोआप मागेपुढे व्हावा. मनगटाला झटके देऊन मूठ उलटसुलट करण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचे. १८७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत धुण्याच्या यंत्रांची पेटंटे दोन हजारांच्या आसपास गेली होती. त्यांतली बहुतेक कागदावरच राहिली, आणि राहिली ते बरेच झाले.

१८७४ मध्ये इंडियाना राज्यातल्या ब्लफ्टनच्या विल्यम ब्लॅकस्टोन यांनी बायकोला वाढदिवसाची भेट म्हणून यंत्र बनवले, ही गोष्ट फार सांगितली जाते. लाकडी टब, आत सहा लहान खुंट्यांची फळी, वर दांडा आणि दातेरी चाके. शेफर यांचे पिंपच ते, गिअर बसवलेले. अडीच डॉलरला एक याप्रमाणे त्यांनी ती विकायला काढली. वाढदिवसाला धुण्याचे यंत्र मिळाल्यावर त्या बाईंना काय वाटले, हे कुणी लिहून ठेवलेले नाही.

स्वतः धुणाऱ्या बायकांनी यंत्रांत डोके घातले नाही असे मात्र नव्हते. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या मार्गारेट कॉल्विन यांनी १८७१ मध्ये ‘ट्रायंफ’ नावाच्या फिरत्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते मांडले. वॉशिंग्टनच्या एलेन एग्लिन यांची गोष्ट याहून वेगळी. त्या कृष्णवर्णीय होत्या, घरकामावर पोट भरत. ओले कपडे दोन रुळांमधून काढून पिळायचे एक यंत्र त्यांनी रचले. चादर पिळणे हे धुण्यातले सर्वांत मनगटतोड काम. दोन बायकांनी दोन टोके धरून पीळ द्यावा तेव्हा कुठे पाणी गळते. १८८८ मध्ये एग्लिन यांनी आपल्या यंत्राचा हक्क १८ डॉलरना विकून टाकला. पुढे त्यांना कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, हे पेटंट एका काळ्या बाईचे आहे असे कळले तर गोऱ्या बायका यंत्र विकत घेणार नाहीत. त्यावर घेणाऱ्याने नफा कमावला.

त्याच दशकात, जुलै १८८१ मध्ये, अटलांटा शहरातल्या कृष्णवर्णीय धोबिणींनी संघटना काढून संप केला. वीस जणींनी सुरुवात केली, तीन आठवड्यांत त्या तीन हजारांवर गेल्या. मागणी होती बारा पौंड धुण्याला एक डॉलर. नगरपालिकेने परवान्यासाठी २५ डॉलर फी लावण्याची धमकी दिली, तर त्यांनी फी भरू पण दर आमचाच, असे कळवले. दुकानांत हातयंत्रे मिळत असताना अख्खे शहर या बायकांच्या हातांवर अवलंबून होते. यंत्राचा इतिहास लिहिणारे अनेक जण पेटंटांची यादी देतात आणि अटलांटा गाळतात. माझ्या मते अटलांटा वाचल्याशिवाय ती यादी समजत नाही.

आणि पाणी. एकदा धुणे, एकदा उकळणे, एकदा खळबळणे एवढे धरले तरी एका वेळच्या धुण्याला सुमारे ५० गॅलन, म्हणजे १९० लिटर पाणी लागे. ते झऱ्यावरून किंवा विहिरीवरून आणायचे, चुलीवर चढवायचे, उतरवायचे, पिंपात ओतायचे आणि काम झाले की मळके पाणी उपसून बाहेर टाकायचे. १८८६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या शेतकरी चळवळीच्या एका कार्यकर्त्याने हिशेब मांडला : झरा घरापासून साठ यार्डांवर असेल, तर घरची बाई वर्षाला १४८ मैल चालते आणि ३६ टन पाणी वाहते. यात धुण्यापलीकडचे पाणीही आले. पण यंत्राच्या दांड्याने या मैलांतला एकही कमी होत नव्हता. शेफर, सिजिअर, ब्लॅकस्टोन या साऱ्यांनी कपडे पाण्यात पडल्यानंतरचे काम हलके केले. त्याआधीचे आणि नंतरचे काम त्यांच्या आराखड्यात कुठेच नव्हते. नळ आणि गटार घरापर्यंत पोहोचल्यावरच यंत्राला खरा अर्थ आला, आणि ते काम कुणा एका शोधकाच्या नावावर नाही.

आयोवातल्या न्यूटन गावी मळणीयंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या मेटॅग कंपनीने १९०७ मध्ये पहिले धुण्याचे यंत्र काढले, तेही लाकडी टबाचे आणि हाताने फिरवायचेच होते. शेतीच्या अवजारांना ज्या महिन्यांत मागणी नसते त्या महिन्यांत कारखाना चालू राहावा, एवढाच त्यामागचा हेतू. १९११ मध्ये त्यांचे विजेवरचे यंत्र आले. हातदांडा मागे पडला तो त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत, आणि तोही जिथे वीज गेली तिथेच.

जिथे ती गेली नाही तिथे दांडा पुन्हा आला आहे. नवज्योत साहनी हे ब्रिटिश शीख अभियंते तामिळनाडूतल्या कुइलापालयम गावी काम करत होते. शेजारच्या दिव्या नावाच्या बाईंचे धुणे रोज पाहून, त्यांना हाताने फिरवायचे यंत्र करून देईन असा शब्द त्यांनी दिला. यंत्राचे नावही ‘दिव्या’च ठेवले. २०२१ मध्ये इराकमधल्या निर्वासितांच्या छावणीत ही यंत्रे पोहोचली. आत आडवा ड्रम, बाजूला दांडा, खाली मळके पाणी सोडायची तोटी. एका वेळी सुमारे पाच किलो कपडे. पाणी आणून ओतायचे काम अजूनही ज्याचे त्यालाच करावे लागते.